कास म्हणजे पिशवी नव्हे



मागच्या जिल्हा बैठकीत दुधाचा विषय निघाला आणि अर्धी बैठक त्यातच गेली. कापसाचे आणि ज्वारीचे बोलणे राहून गेले म्हणून काहीजण चिडले. त्यांचे चिडणे आम्हाला मान्य आहे. पण ज्या विषयावर मागच्या सतरंजीवर बसलेल्या बाया उठून पुढे आल्या आणि माइक हातात घेऊन बोलल्या, तो विषय 'किरकोळ' म्हणून बाजूला सारता येत नाही. गोठ्यातले शेण त्या काढतात, धार त्या काढतात, आणि दूध आटले की बोलणीही त्यांनाच बसतात. म्हणून हे पत्रक.

गोष्ट सुरू झाली ती एका पशुपालन मेळाव्यात. आमच्यातल्या एकाने साहेबांना विचारले, "अनुदानाची गाय घेताना बारा लिटर सांगितले होते. दुसऱ्या वेताला ती पाच लिटरवर का आली?" साहेब हसले. म्हणाले, "ढेप घाला, हिरवा चारा घाला. जेवढे टाकाल तेवढे निघेल." आम्ही म्हटले, कासेच्या आत काय होते ते तरी सांगा. त्यावर उत्तर मिळाले, "पेशी-बिशी तुम्हाला काय करायच्या? तुम्ही दूध काढा."

जेवढे टाकाल तेवढे निघेल, हा न्याय पोत्याला लागू आहे. दोन मण टाकले, दोन मण निघाले. गायीची कास पोते नाही. तिच्यात दूध साठवलेले नसते, ते तिच्यात घडते. एक लिटर दूध घडायला चारशे-पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. म्हणजे कास हा कारखाना आहे, आणि कारखाना म्हटला की पहिला प्रश्न हा, की तो बांधला कधी, बांधला कोणी, आणि बांधकामाचा खर्च कोणाच्या नावावर पडला. या प्रश्नाला ना मेळाव्यात उत्तर मिळते, ना बँकेच्या अर्जात त्यासाठी रकाना असतो. म्हणून पेशी-बिशी आम्हीच पाहायला घेतल्या.

कास चिरून पाहिली तर आतली रचना दाणे गच्च भरलेल्या ज्वारीच्या कणसासारखी दिसते. मधला दांडा, त्याला फुटलेल्या काड्या, काडीच्या टोकाला दाणे. फरक एवढाच की हे दाणे डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक आणि आतून पोकळ असतात. एकेका पोकळ दाण्याची भिंत पेशींच्या एका थराची. पेशी रक्तातून माल उचलते, त्याचे दूध करते आणि पोकळीत सोडते. बाहेरून दुसऱ्या जातीच्या पेशींची जाळी असते. गाय पान्हा सोडते तेव्हा ती जाळी आवळते आणि दूध नळ्यांतून सडाकडे येते.

आता त्या भिंतीकडे पाहू. विटांची भिंत उभी राहते ती मधल्या गाऱ्यामुळे. पेशींच्या भिंतीतही असा गारा आहे. तो प्रथिनांचा असतो, आणि जिवंत असतो. एका पेशीच्या अंगातून निघालेले प्रथिन शेजारच्या पेशीतून निघालेल्या तशाच प्रथिनाचा हात धरते. या प्रथिनांना कॅडहेरिन म्हणतात. जपानच्या मासातोशी ताकेइची या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात त्यांचा माग काढला. कॅल्शियम असेल तर ही पकड टिकते, काढून घेतले तर सुटते, हे त्यांनी दाखवले आणि नावही त्यावरूनच पडले. (हे वाचून उद्या कोणी कॅल्शियमची बाटली विकायला दारात आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गाय रक्तातले कॅल्शियम स्वतः सांभाळते, वेळ पडली तर हाडातून काढते. व्याल्यावर गाय थंड पडून बसली तर डॉक्टरला बोलवायचेच, पण तो वेगळा आजार आहे. बाटलीने कासेची भिंत पक्की होत नाही.)

कॅडहेरिनचे प्रकार आहेत. भिंतीच्या आतल्या दूध करणाऱ्या पेशींत ई-कॅडहेरिन मुख्य, बाहेरच्या आवळणाऱ्या पेशींत पी-कॅडहेरिन. त्यामुळे वाढत्या कासेत आतली पेशी आतल्या थरात राहते, बाहेरची बाहेर. हातात हात धरण्याचा हा दाखला संघटनेच्या भाषणाला फार सोयीचा आहे, पण आज तो देत नाही, कारण हिशेब बाकी आहे.

पेशींना आणखी एक पकड लागते, ती पायाची. दाण्याच्या भिंतीखाली एक पातळ पडदा असतो, त्यात लॅमिनिन नावाचे प्रथिन. पेशी त्यावर इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी पाय रोवून उभी राहते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कले येथे मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात हे दिसले. उंदराच्या कासेतल्या पेशी नुसत्या प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या तर त्या जगतात, पण दूध करायचे विसरतात. त्याच पेशींना पडद्यासारख्या मऊ पदार्थावर ठेवले, तर त्या एकत्र येऊन पोकळ दाणा बांधतात आणि दुधातले प्रथिन पाझरू लागतात. खुराक तोच, औषध तेच, फरक फक्त पायाखालच्या जागेचा. "जेवढे टाकाल तेवढे निघेल" म्हणणाऱ्या साहेबांनी यावर जरा विचार करावा.

२००२ साली उंदरावरच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कासेतल्या पेशींतून ई-कॅडहेरिन काढून टाकले. पिले झाली, पण दूध आले नाही. विण्याच्या सुमाराला जी कास भरायला हवी होती, तिच्यातल्या पेशी मरू लागल्या, जणू पिले तुटून कास आटायला लागली. पकड सुटली आणि धंदा सुरू व्हायच्या आधीच बसला. यातले बरेच काम उंदरावरचे आहे, हे आम्ही लपवत नाही. गायीच्या कालवडीची कास उंदराच्या कासेसारखी टोकाटोकाने पसरत नाही, ती फांदीला फांदी फुटत झुबक्याझुबक्याने भरते. पण पेशीने पेशीला धरणे आणि पेशीने पडद्याला धरणे हा पाया दोघींचा एकच.

मग हा कारखाना बांधला जातो कधी? इथेच आपल्या खिशाचा संबंध येतो.

पहिली वेळ वासरू जन्मल्यापासूनचे दोन महिने. पूर्वी समजूत होती की या वयात कास झोपलेली असते. ती खोटी ठरली. या दिवसांत वासराला पोटभर दूध मिळाले तर कासेतला दूध करणारा भाग जास्त वाढतो, असे अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या चाचणीत २००५ साली दिसले. कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या कळपाच्या नोंदी तपासून २०१२ साली सांगितले की दूध तुटण्याआधी कालवडीची रोजची वाढ जितकी जास्त, तितके तिचे पहिल्या वेताचे दूध जास्त. रोजच्या वाढीत एक किलोचा फरक पडला तर वेतात सुमारे ८५० किलो दुधाचा. तिथली गाय वेगळी, तिथला गोठा वेगळा, ते आकडे आपल्या दावणीला जसेच्या तसे लावू नका. दिशा मात्र तीच. आणि आपल्याकडे काय होते? वासराला दोन सड, मग एक सड, मग पान्ह्यापुरते तोंड लावून बाजूला बांधायचे, कारण प्रत्येक लिटर संकलन केंद्रावर नेल्याशिवाय आठवड्याचा बाजार होत नाही. तीन वर्षांनंतरच्या दुधाचा कारखाना आपण आजच्या किराण्यासाठी विकतो. यात शेतकऱ्याची अक्कल कमी नाही. त्याच्या हातात रोख कमी आहे.

दुसरी वेळ तिसऱ्या महिन्यापासून माजावर येईपर्यंत. या काळात कालवडीची कास तिच्या बाकी अंगापेक्षा वेगाने वाढते. १९८२ साली मिशिगनमध्येच दाखवले गेले की या वयात कालवडीला खाऊ घालून लठ्ठ केले तर कासेत दूध करणारा भाग कमी भरतो आणि चरबी भरते. तेव्हापासून परदेशात जास्त खाऊ घालू नका म्हणून पुस्तके निघाली. आपल्या कोरडवाहू मुलखात कालवड खाऊन-खाऊन फुगली आणि म्हणून तिची कास बिघडली, असे उदाहरण कोणी आणून दाखवले तर आम्ही त्याचा जिल्हा बैठकीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. आपला रोग उलटा आहे. आपली कालवड दुसऱ्याच्या बांधावर वाढते. मार्चनंतर तिला जे मिळते त्याला चारा म्हणणे चाऱ्याचा अपमान आहे. ती उशिरा माजावर येते, उशिरा गाभण राहते.

तिसरी वेळ सर्वांत मोठी. कासेतली बहुतेक बांधणी गाभणपणात, त्यातही शेवटच्या महिन्यांत होते. पहिल्या वेतानंतर प्रत्येक खेपेला गाय विण्याआधी साठ दिवस आटवून ठेवावी, असे जे सांगतात ते तिला सुट्टी म्हणून नव्हे. त्या दिवसांत जुन्या पेशी जातात, नव्या येतात. वेत जसजसे पुढे सरकते तसे दूध घटते, ते मुख्यतः दूध करणाऱ्या पेशींची संख्या घटते म्हणून. उरलेली पेशी बिचारी जवळपास तेवढेच काम करत असते. नव्या पेशींची भरती या साठ दिवसांत झाली नाही, तर पुढच्या वेताला माणसे कमी आणि काम तेवढेच. आता सांगा, हप्ता डोक्यावर असताना आणि कासेत दोन लिटर दूध असताना गाय आटवायला कोणाचा हात धजावतो?

आणि आपल्याकडे या वेळेला आणखी एक वैरी आहे, ऊन. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०११ साली आटलेल्या गायींच्या दोन टोळ्या केल्या. सावली दोघींनाही होती. एका टोळीला पंखे आणि पाण्याचे फवारे जास्तीचे दिले. ज्या नुसत्या सावलीत राहिल्या, त्यांच्या कासेतली नव्या पेशींची भरती कमी पडली. व्याल्यावर गारव्यातल्या गायींनी रोज सुमारे ५ किलो दूध जास्त दिले. त्या उन्हात पोटात असलेल्या वासरांच्या कालवडी झाल्या, त्यांनीही पुढे पहिल्या वेताला कमी दूध दिले. म्हणजे आईने सोसलेले ऊन लेकीच्या कासेत उतरते. आता एप्रिल-मे महिन्यात आटलेली गाय अकोला, यवतमाळ, चंद्रपूरच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली उभी करून पाहा. पारा पंचेचाळीसच्या घरात. पंख्याला वीज नाही, फवाऱ्याला पाणी नाही, माणसाच्या पिण्याचेच टँकरने येते. आणि जुलैमध्ये साहेब विचारतात, बारा लिटर का निघत नाही?

या तिन्ही वेळांत एक गोष्ट समान आहे. तिन्ही वेळा गाय दूध देत नसते, किंवा दिलेले दूध विकायचे नसते. शेतकऱ्याचे जाते ते फक्त जाते, येत काही नाही. आणि सगळ्या योजना, सगळी कर्जे, सगळे दर फक्त दुधाचे दिवस पाहतात.

१ जुलै २००६ ची गोष्ट विसरू नका. पंतप्रधान मनमोहन सिंग नागपूरला आले आणि आत्महत्यांनी पोळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यात जोडधंदा म्हणून अनुदानावर दुधाळ जनावरे होती. कापसाला भाव मागणाऱ्याला गाय देण्यात आली. जिथे माणसाला प्यायला पाणी नाही तिथे संकरित गाय, जिथे ज्वारी सुटून कडबा संपला तिथे संकरित गाय. दूध नेणारी गाडी ज्या गावाला जात नाही, त्या गावालाही गायच. पुष्कळांनी ती शेजाऱ्याला देऊन टाकली, पुष्कळांनी विकली. ज्यांनी ठेवली त्यांच्या घरात बाईने मजुरी सोडून गायीमागे दिवस घातला. गाय घेताना कोणी विचारले नाही की ही कालवड असताना तिला दूध किती पाजले होते, ती गाभण असताना कुठल्या उन्हात होती. विचारणार कोणाला? बाजारात दलाल सड दाखवतो, बारा तासांची तुंबवलेली कास दाखवतो. भिंत आत आहे, ती दिसत नाही. आपण विकत घेतो तो कोणीतरी, कुठेतरी, कसातरी बांधलेला कारखाना.

त्यानंतरही वारे तेच आहे. २०१६ पासून विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प चालला, २०२४ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली. संकलनाची सोय झाली, पैसे बँकेत जमा होऊ लागले, हे चांगले झाले आणि आम्ही ते चांगलेच म्हणू. पण दुधाळ जनावर आणून बांधणे हाच आजही योजनांचा जीव आहे. आपल्याच दावणीची कालवड नीट वाढवणाऱ्याला काय मिळते, हे विचारले की कागद चाळले जातात.

आता हिशेब. आकडे आम्ही मुद्दाम सोपे घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

कालवड व्यायला तीन वर्षे धरा. रोज चारा, पाणी, औषध आणि घरच्या माणसाची मजुरी मिळून ६० रुपये धरा, हे कमीच आहे. १,०९५ दिवसांचे झाले ६५,७०० रुपये. आपल्या कोरडवाहू गोठ्यात ती गाय वेताला २,००० लिटर देईल आणि चार वेत टिकेल असे समजा. ८,००० लिटरवर हा खर्च पसरला की लिटरमागे ८ रुपये २० पैसे. कासेचा दगड होऊन गाय दोन वेतांत बाद झाली तर लिटरमागे १६ रुपये ४० पैसे. भाकड दिवस वेतामागे १२० धरले, कारण साठ दिवसांत गाभण राहणारी गाय पुस्तकातच असते, तर त्याचे ७,२०० रुपये, लिटरमागे आणखी ३ रुपये ६० पैसे. वासराला रोज अडीच-तीन लिटर साठ दिवस पाजले तर १५० ते १८० लिटर, ३० रुपये भावाने साडेचार ते पाच हजार चारशे रुपये. म्हणजे गायीने एक थेंब दूध देण्याआधी किंवा देत नसताना झालेला खर्चच, चांगल्या गायीत, लिटरमागे १२ रुपयांच्या घरात जातो. चालू दुधाचा चारा, ढेप, मजुरी अजून मोजलीच नाही.

आणि भाव काय? जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला ३४ रुपये ठरवून दिले. काही महिन्यांत खरेदीचे दर त्याच्या पुष्कळ खाली गेले आणि जानेवारी २०२४ पासून लिटरमागे ५ रुपये अनुदानाची मलमपट्टी करावी लागली. ते अनुदान मिळायला गायीच्या कानात बिल्ला हवा होता, बिल्ल्याची नोंद ऑनलाइन हवी होती, नोंद खात्याशी जुळायला हवी होती. बिल्ला कानात आहे, पैसा कुठे आहे, असे एका बाईने बैठकीत विचारले आणि सगळे हसले. ती हसली नाही.

कास नुसती बांधून भागत नाही, ती टिकवावीही लागते. त्या पेशींच्या भिंतीत वरच्या कडेला एक आणखी घट्ट शिवण असते. गाय विते तेव्हा ती शिवण बंद होते, म्हणून दूध दुधाच्या बाजूला राहते आणि रक्त रक्ताच्या. धार वेळेवर निघाली नाही, साधारण अठरा तास लोटले, की ती शिवण उसवू लागते. दुधातली साखर रक्तात जाते, रक्तातले मीठ दुधात येते, आणि दूध घटते. दगडी झालेल्या सडाचे दूध खारट लागते ते याचमुळे. आपल्या आज्या चार थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावून पाहायच्या आणि सांगायच्या, हा सड गेला. त्यांना इंटेग्रिन ठाऊक नव्हते, पण शिवण उसवलेली कळत होती. आता ज्या गावात संकलन एकच वेळ आहे किंवा संध्याकाळची गाडी येईल तर येईल, त्या गावची बाई दुसरी धार काढून करील काय? दूध नासते म्हणून ती एकच वेळ पिळते, आणि कारखान्याची भिंत दररोज थोडी सैल होते. एसएनएफ कमी लागले म्हणून मग कापले जातात तिचेच पैसे. गाडी न येण्याचा दंड गाडीवाल्याला नाही, गायीला आणि गायवालीला.

आता आपल्या कापसाकडे येऊ, म्हणजे बैठकीत चिडलेल्यांचेही समाधान होईल. आपण शंभर किलो कापूस विकतो तेव्हा त्यात रुई चौतीस-पस्तीस किलो असते, बाकी जवळपास सगळी सरकी. सरकीचे तेल निघते आणि ढेप उरते. ती ढेप अकोल्याच्या बाजारावरून वायदेबाजारात बोलली जाते, तिच्यावर मुंबईत बसलेला माणूस पैसे लावतो, आणि फिरून ती आपल्याच गावच्या दुकानात पोत्यातून येते. ज्याच्या शेतात ती पिकली त्याच्या गायीला ती परवडत नाही. कापसाचा भाव पडतो तेव्हा रुईचे कारण सांगतात, ढेपेचा भाव चढतो तेव्हा मागणीचे. दोन्ही वेळा आपण चुकीच्या टोकाला. (जाता जाता एक: नीट रवंथ न करणाऱ्या लहान वासराला सरकी किंवा ढेप देऊ नका. तिच्यात गॉसिपॉल नावाचे विष असते. मोठ्या जनावराचे पोट ते बऱ्यापैकी पचवते, कोवळ्याचे पचवत नाही.)

कडब्याचेही तेच. जोडधंदा करा म्हणणाऱ्यांनी आधी ज्वारी का गेली ते सांगावे. पहिली संकरित ज्वारी १९६४ साली आली, ताट बुटके झाले, कडबा घटला. मग सोयाबीन आले, ज्वारीला भाव नाही, आणि जी पेरली ती रानडुकरे आणि रोही खातात. रात्रभर जागल करणारा माणूस सकाळी गोठा पाहू शकत नाही. जंगली जनावराला मारले तर गुन्हा, पीक वाचवले नाही तर उपास. दावणीला आता सोयाबीनचे कुटार. त्यावर कास बांधा म्हणे.

आणि शेवटची गोष्ट बोलायला सगळे पुढारी लाजतात. कास गेली, दगडी झाली, सड बंद पडले, गाय भाकड झाली, तर पुढे काय? गायीच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि गोऱ्ह्यांवरही बंदी आली. गायीवर आमची माया साहेबांपेक्षा कमी नाही. पोळ्याला बैल आम्ही पुजतो, ते फोटो काढतात. पण माया आणि खर्च या दोन वेगळ्या वह्या आहेत. भाकड जनावराचे दोन पैसे येत होते, त्यातून कालवडीचा खर्च काही तरी भरून निघत होता. ते बंद केले आणि त्याची भरपाई कोणी दिली नाही. कायदा करणाऱ्याने पुण्य घेतले, चारा आमच्या नावावर लिहिला. म्हशीला तो कायदा नाही, म्हणून जो तो म्हशीकडे वळतो, आणि मग त्याच सरकारची माणसे देशी गाय वाचवा म्हणून रथ काढतात. गवळाऊ गाय वर्ध्याच्या मातीतली, तिचे किती कळप उरले ते पाहायला रथात बसायची गरज नाही.

आमचे म्हणणे दान मागण्याचे नाही. विज्ञानाला आमचा विरोध नाही, उलट ते आमच्यापासून लपवून ठेवले जाते याचा राग आहे. पेशीने पेशीला कसे धरले हे जगातल्या शास्त्रज्ञांनी शोधले. ते शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगणे हे ज्यांचे पगारी काम, ते मेळाव्यात "चारा घाला" म्हणून चहा पितात. दुधाचा उत्पादनखर्च काढायचा तर कालवडीची तीन वर्षे, भाकड दिवस, वासराचे दूध आणि बाईची मजुरी त्यात धरावीच लागेल. धरायची नसेल तर दुधाच्या बाजारात हात घालणे सोडा, पावडर बाहेर जाऊ द्या, भाकड जनावराचा बाजार मोकळा करा, आम्ही आमचे पाहू. दोन्ही करायचे नाही, भाव पाडायचा आणि वर गाय वाटायची, हे आता चालणार नाही. आणि गाय वाटायचीच असेल तर तीच रक्कम घरच्या कालवडीला पहिल्या वर्षी द्या. कारखाना परगावच्या बाजारातून आणण्यापेक्षा आपल्या दावणीला बांधलेला बरा, निदान त्याची भिंत कोणी बांधली ते ठाऊक असते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन वह्या आणाव्यात. एका वहीत गावातल्या कालवडींची नोंद: जन्म कधी, दूध किती दिवस पाजले, पहिल्यांदा व्याली कधी. दुसऱ्या वहीत अनुदानाच्या गायींची: कधी आली, किती लिटर सांगितले, किती निघाले, आज कुठे आहे. वही बायांनी लिहावी, किंवा त्यांनी सांगावे आणि पोराने लिहावे. अंदाजे आकडा नको, जे माहीत आहे तेवढेच. दोन्ही वह्यांची बेरीज घेऊन आपण जिल्हाधिकारी कचेरीवर जाणार आहोत. तारीख वेचणी आटोपल्यावर कळवू.